नव्याचे नऊ दिवस संपल्यावर



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २६ ते २८

आपण सध्या अठरावा अध्याय सावकाश वाचतोय. आजच्या तीन श्लोकांत भगवंत तीन प्रकारचे कर्ते सांगतात. म्हणजे काम तेच असतं, पण ते करणारा माणूस तीन तऱ्हांचा असू शकतो. आधी साध्या भाषेत आशय पाहू.

सात्त्विक कर्ता चिकटून न बसता काम करतो. 'हे मी केलं' असं मिरवत नाही. त्याच्यापाशी धृती आणि उत्साह दोन्ही असतात. काम जमलं किंवा फसलं, तरी तो आतून बदलत नाही. राजस कर्ता फळाच्या ओढीने काम करतो. तो हावरा असतो, दुसऱ्याला इजा करणारा असतो, कधी हर्षात तर कधी शोकात असतो. तामस कर्त्याचं मन कामात नसतं. तो आळशी असतो, सतत खिन्न असतो आणि 'दीर्घसूत्री' असतो. दीर्घसूत्री म्हणजे आजचं काम उद्यावर, उद्याचं परवावर ढकलणारा.

शाळेत पाठ करताना मला वाटायचं की ही तीन वेगवेगळी माणसं आहेत. आता वाटतं, ही एकाच माणसाची तीन वर्षं असू शकतात. निदान माझी होती. आज ते सगळं मोकळेपणाने लिहितोय, कारण त्यात थोडी लाजही आहे, आणि लाज लपवून चिंतन होत नाही.

हौस

आम्ही माजिवड्याला राहतो. घोडबंदर रोड आणि हायवे जिथे मिळतात, तिथून पाच मिनिटांवर. खिडकीतून फ्लायओव्हर दिसतो आणि मेट्रोचे खांब दिसतात. हिरवं काही बघायचं तर मान वाकडी करून येऊरच्या डोंगराकडे बघावं लागतं. २०२१ च्या पावसाळ्यात, वर्क फ्रॉम होम करून डोळे शिणलेले असताना, मी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक बसवला. साधा फिश टँक नाही, रीफ टँक. म्हणजे दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत समुद्राचा एक तुकडा, त्यात दगड, मासे आणि जिवंत प्रवाळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोड्या पाण्याचा टँक चूक सहन करतो, रीफ टँक करत नाही. पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात. तापमान २५-२६ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि आपल्या ठाण्यात ते मे महिन्यात किती अवघड आहे हे वेगळं सांगायला नको. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते जिवाणू टँकमध्ये स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर टँक नुसता दगड आणि पाणी. मासा टाकायचा नाही, बघत बसायचं.

ते सहा आठवडे मी फार आनंदात काढले. ऑफिसचा कॉल संपला की टेस्ट किट काढायचं, नळीत थेंब मोजायचे, रंग कार्डाशी जुळवून पाहायचे, वहीत लिहायचं. रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ बघायचे. त्याच काळात माझी सकाळची गीतासुद्धा नियमित सुरू होती, रोज एक श्लोक आणि त्यावरचं थोडं वाचन. मला वाटायचं, माझ्यात आता शिस्त आली. ती शिस्त नव्हती. नव्याचे नऊ दिवस होते, फक्त माझे नऊ दिवस जरा लांबले.

राजस कर्ता

पहिली क्लाउनफिशची जोडी आली. केशरी अंगावर पांढरे पट्टे, ज्याला सगळे 'निमो' म्हणतात तोच मासा. ही जोडी हॅचरीत जन्मलेली होती. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाचं बंदिस्त प्रजनन साधलेलं आहे, त्यामुळे तो समुद्रातून ओढून आणायची गरज नसते. माझी भाची तेव्हा चार वर्षांची होती. तिने त्यांची नावं ठेवली, गोट्या आणि बिट्ट्या.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जोडी आली, आठवडा झाला, आणि मला पुढचं काहीतरी हवंसं वाटायला लागलं. मग कोळंबी, मग एक गोबी, मग अजून भारी दिवा. प्रत्येक नव्या वस्तूचा आनंद आधीच्या वस्तूपेक्षा कमी दिवस टिकायचा. शेवटी मी ब्लू टँग आणला. निळाशार, 'डोरी' म्हणून मुलं ओळखतात तो. डोंबिवलीचे एक काका आहेत, वीसेक वर्षं टँक सांभाळणारे. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "अरे, तो लांब पोहणारा मासा आहे. तुझ्या दोनशे लिटरमध्ये त्याला कोंडू नकोस. आणि हे बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेले असतात." मी "हो काका" म्हटलं आणि शनिवारी घेऊन आलो. तीन आठवड्यांत त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले. पाचव्या आठवड्यात तो गेला.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मी पुढच्या खरेदीची यादी करत होतो.

त्याच सुमारास एका विक्रेत्याने मोबाईलवर फोटो पाठवला. जांभळ्या टोकांचा, फांद्याफांद्यांचा टणक प्रवाळ. मी लगेच अर्धे पैसे पाठवले. हे ऐकून डोंबिवलीचे काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. त्यांच्यामुळे मला कळलं, की आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये सगळे टणक, भित्ती बांधणारे प्रवाळ आहेत, २००१ पासून आहेत. समुद्रपंखे आहेत, समुद्रघोडेही आहेत. ज्या यादीत वाघ आहे त्याच यादीत. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले, तेव्हा ते तसेच बुजवता आले नाहीत. वन विभागाची परवानगी घेऊन २०२० साली ते दुसरीकडे हलवावे लागले. आणि मी तसाच जीव कुठल्यातरी समुद्रातून तोडून हॉलमध्ये आणायला निघालो होतो, दिव्याखाली छान दिसेल म्हणून. मी सौदा मोडला. पैसे परत आले नाहीत. बरं झालं.

आता पुन्हा श्लोक २७ पाहा. राजस कर्त्याच्या वर्णनात भगवंत हाव सांगतात, फळाची इच्छा सांगतात, हर्ष-शोक सांगतात, आणि त्यांच्या मधोमध 'हिंसात्मक' हा शब्द ठेवतात. पूर्वी मला हा शब्द तिथे जरा जास्त वाटायचा. हौशी माणूस हिंसक कसा? ब्लू टँगनंतर तो मला जास्त वाटत नाही. मला माशाला मारायचं नव्हतं. मला तो हवा होता, एवढंच. पण 'मला हवं' हे इतकं मोठं झालं की समोरच्या जिवाला काय हवं ते दिसेनासं झालं. त्या हिंसेत राग नसतो, प्रेमच असतं, पण ते स्वतःच्या आनंदावरचं प्रेम असतं.

तामस कर्ता

हौस संपते तेव्हा सांगून जात नाही. एक दिवस मी टेस्ट किट काढलं नाही. 'उद्या करू.' दर रविवारी वीस लिटर पाणी बदलायचं असायचं. त्यासाठी आदल्या रात्री आरओचं पाणी भरायचं, त्यात पाऊण किलोभर मीठ विरघळवायचं, पंप लावून रात्रभर फिरवायचं, सकाळी जुनं पाणी उपसायचं. रविवारचं ते दर पंधरा दिवसांनी झालं, मग महिन्याने. काचेवर हिरवा थर आला. पाहुणे आले की तेवढी समोरची काच पुसायची. गंमत म्हणजे, किंवा गंमत नाहीच, माझ्या गीतेचंही तसंच झालं होतं. कोणी विचारलं तर "हो, रोज वाचतो" म्हणायचो. समोरची काच पुसलेली असायची.

२०२४ चा एप्रिल आठवत असेल. महिन्याच्या शेवटी ठाण्यात उष्णतेची लाट आली होती. टँकच्या पाण्यावर वारा घालणारा पंखा तीन आठवड्यांपासून खरखर करत होता. नवा पंखा काही लाखांचा नव्हता. 'या शनिवारी जाऊन आणतो' असं मी तीन शनिवार म्हटलं. चौथ्या आठवड्यात तो बंद पडला. मी त्या दिवशी ऑफिसला होतो, खिडक्या बंद. रात्री आलो तेव्हा पाणी ३२ अंशांच्या वर गेलं होतं. मऊ प्रवाळ आक्रसून गेले होते, कोळंबी आडवी पडली होती, गोबी कोपऱ्यात मरून पडला होता. गोट्या आणि बिट्ट्या पृष्ठभागाशी येऊन जोरजोरात श्वास घेत होते. रात्री दोनपर्यंत मी बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडत बसलो. ते दोघं वाचले. बाकी जवळजवळ काही वाचलं नाही.

प्रवाळाच्या आत एक सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडातून अन्न बनवतं आणि प्रवाळाला पोसतं, त्याचा रंगही बराचसा त्याच्यामुळेच. पाणी जास्त तापलं की हे नातं तुटतं, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८ मध्ये झालं, २०१० मध्ये झालं, २०१६ मध्ये झालं, आणि त्याच २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा झालं. तिथला समुद्र तापण्यामागे साऱ्या जगाचा हात आहे. माझ्या टँकमध्ये मात्र एका माणसाचा हात होता, तीन शनिवार न उचललेला.

रविवारी भाची आली. टँकसमोर उभी राहिली. तिने विचारलं, "मामा, तू पाणी नाही का बदललंस?" रागावून नाही, सहज. मी म्हणालो, "गरम खूप होतं ना, म्हणून." ती गप्प झाली. उत्तर खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

श्लोक २८ मधला 'दीर्घसूत्री' हा शब्द त्या रात्री मला कळला. याआधी मी त्याला एक सवय समजत होतो, थोडी लाडिक सवय, सगळ्यांनाच असते तशी. पण भगवंत तो शब्द 'विषादी'च्या शेजारी ठेवतात. ढकलणारा माणूस आरामात नसतो. न केलेलं काम त्याच्या डोक्यावर बसलेलं असतं आणि त्याला खिन्न करतं. मग खिन्न आहे म्हणून तो काम करत नाही. मी महिनोन्‌महिने टँककडे बघणंच टाळत होतो, कारण बघितलं की अपराधी वाटायचं. ज्या कोपऱ्यात मन निवावं म्हणून मी समुद्र आणला, त्याच कोपऱ्याकडे पाठ करून मी सोफ्यावर बसायला लागलो होतो.

बंद करावा का?

साहजिकच पहिला विचार आला, बंद करून टाकू. विकून टाकू सगळं. मनात वैराग्याची भाषासुद्धा तयार झाली. 'हे सगळे संसाराचे पसारे, यातून सुटलं पाहिजे.' पण अठरावा अध्याय इथेही पकडतो. त्याची सुरुवातच अर्जुनाच्या प्रश्नाने होते, की संन्यास आणि त्याग यांत फरक काय. आणि श्लोक ७ ते ९ मध्ये भगवंत त्यागाचेही तीन प्रकार करतात. नेमून आलेलं कर्म मोहाने टाकलं तर तो तामस त्याग. त्रास होतो म्हणून टाकलं तर राजस त्याग, आणि त्यातून त्यागाचं फळ मिळत नाही. काम करत राहून आसक्ती आणि फळ टाकलं तर तो सात्त्विक त्याग.

मी स्वतःला विचारलं, मला टँक सोडायचाय तो का? प्रामाणिक उत्तर एकच आलं. कंटाळा आलाय. म्हणजे वैराग्य नव्हतंच, कंटाळ्याने भगवी शाल पांघरली होती.

आणि एक साधा हिशोब होता. नीट सांभाळलं तर क्लाउनफिश टँकमध्ये पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. माझी हौस दीड वर्षाची. उरलेल्या वर्षांचं काय? त्यांना खाडीत किंवा तलावपाळीत सोडून देणं हे 'मुक्त करणं' नाही. गोड्या पाण्यात ते तडफडून मरतील, आणि टँकमधला जीव किंवा त्याचा रोग बाहेरच्या पाण्यात सोडणं हे तिथल्या जिवांवरही संकट. जीव घरात आणला तेव्हा मी नकळत एक कर्म स्वतःला नेमून घेतलं होतं. आता ते नियत कर्म होतं. आवडतंय की नाही, हा प्रश्न उशिरा आला होता.

मी डोंबिवलीला फोन केला. सगळं सांगितलं, तीन शनिवारांसकट. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला पण आठव्या वर्षी आला होता कंटाळा. सगळ्यांना येतो. तू असं कर, नवीन काही आणू नकोस. टेस्ट नको, व्हिडिओ नको. फक्त रोज सकाळी उडालेलं पाणी भर. एवढंच कर महिनाभर."

मीठ उडत नाही

हे उडालेल्या पाण्याचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. टँकमधून रोज पाणी वाफ होऊन जातं. उन्हाळ्यात पंखा चालू असला तर माझ्याकडे तीन-चार लिटर जायचं. पण वाफ होते ती नुसत्या पाण्याची. मीठ उडत नाही, ते मागे राहतं. म्हणून पाणी न भरता सोडलं तर टँक रोज थोडा जास्त खारा होत जातो. आणि नवशिके इथेच एक चूक करतात. पाणी कमी झालं म्हणून ते खारं पाणी भरतात, 'समुद्राचा टँक आहे ना' म्हणून. मग खारेपणा अजून वाढतो. भरायचं असतं ते साधं, शुद्ध, बिनमिठाचं पाणी. गेलं तेच परत द्यायचं.

बादली घेऊन उभा असताना मला माझं सगळं दीड वर्ष दिसलं. उत्साह असाच उडतो. रोज, थोडा, कोणाला न दिसता. त्यात पाप काही नाही, पाण्याचा तो स्वभावच आहे. मागे उरतं ते मीठ. बिलं, देखभाल, अपराधीपण, लोकांना दाखवायची काच. आणि उत्साह कमी झाला की आपण काय करतो? अजून मीठ घालतो. नवा दिवा, नवा मासा. साधनेतही तेच. जप रंगेना, मग नवी माळ, नवं ॲप, नवा चाळीस दिवसांचा संकल्प, नवा ग्रुप. पातळी दोन दिवस वर आल्यासारखी दिसते, पण खारेपणा वाढतो. लागतं ते साधं पाणी. त्यात नवं काही नसतं, फोटो काढावा असं काही नसतं. ते रोज लागतं, इतकंच.

आता श्लोक २६ कडे परत येऊ. सात्त्विक कर्त्याकडे धृती आणि उत्साह दोन्ही आहेत, असं भगवंत म्हणतात. एकट्या उत्साहाचं नाव त्यांनी घेतलेलं नाही. धृतीचं नाव आधी येतं, आणि दोन्ही शब्द एकाच समासात जोडलेले आहेत. त्याला लागूनच सिद्धी-असिद्धीत न बदलण्याची गोष्ट येते. मला यातून असं समजतं, की इथला उत्साह म्हणजे आपण ज्याला हौस म्हणतो ती नव्हे. हौस यशावर जगते. नवं मिळालं की फुलते, फसलं की मरते. जो उत्साह सिद्धी-असिद्धीनंतरही टिकतो त्याचं मूळ फळात असूच शकत नाही. ते धृतीत असतं. उत्साह आला की काम करू, असं आपण म्हणतो. गीतेचा क्रम उलटा दिसतो. आधी धरून राहा, उत्साह त्याच्या सोबतीने येतो.

पतंजलींनी योगसूत्रांत पहिल्या पादात साधनेतले नऊ अडथळे मोजलेत. व्याधीनंतर लगेच दुसरा अडथळा 'स्त्यान' आहे, म्हणजे मनाचं जड पडणं, कशात रस न वाटणं. मला या यादीचा फार आधार वाटतो. म्हणजे हा अनुभव इतका जुना, इतका सार्वत्रिक आहे की त्याला हजारो वर्षांपूर्वी नाव दिलं गेलंय. आपण काही खास बिघडलेले भक्त नाही. आणि त्याच पादात अभ्यास दृढ कशाने होतो तेही सांगितलंय. दीर्घ काळ, खंड न पाडता, आदराने केल्याने. तिथे आवडीचं नाव नाही, आदराचं आहे. आवड नसतानाही आदर ठेवता येतो, ही केवढी मोकळीक आहे!

पण खबरदारी एक. नुसतं यंत्रासारखं करत राहणं म्हणजेही धृती नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात विनोबा कर्माला 'विकर्मा'ची जोड सांगतात, म्हणजे बाहेरच्या कर्मात आतून मन ओतणं. मी बादली ओतताना हेच करून पाहिलं. दोन मिनिटं फोन बाजूला. गोट्या कुठे आहे, बिट्ट्या कुठे आहे, श्वास कसा चाललाय, एवढंच बघायचं. पहिले दहा-बारा दिवस काही वाटलं नाही. खरंच काही नाही. मग एका सकाळी लक्षात आलं, की बादली रिकामी होऊन बराच वेळ झालाय आणि मी अजून तिथेच उभा आहे.

आज काय आहे

मोठा टँक मी गेल्या वर्षी काढला. तो कंटाळ्याने नाही, विचार करून काढला. दिवा आणि स्किमर डोंबिवलीच्या काकांच्या ओळखीच्या एका मुलाला दिले. त्यालाही रीफ टँक करायचा होता, म्हणून आधी सहा महिने थांबायला सांगितलं! आता नव्वद लिटरचा टँक आहे. त्यात फक्त ती जोडी आणि उष्णतेतून वाचलेला एक मऊ प्रवाळ. तो काकांच्याच टँकमध्ये वाढलेल्या तुकड्यापासून आला होता. पंखे दोन आहेत, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. पूर्वीसारखा हर्ष होत नाही. कोणी आलं तर मी टँक दाखवायला धावत नाही. पण पाठ करून बसतही नाही.

भाचीला मी खरं सांगितलं. "त्या वेळी गरम होतं हे खरं, पण पंखा आणायचा मी कंटाळा केला म्हणून ते मेले." ती आता सात वर्षांची आहे. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग आता मी आले की पाणी मी भरणार." दर रविवारी भरते. अर्धं जमिनीवर सांडतं.

आणि गीता? रोज एक श्लोक. कधी रंगतो, कधी नाही. न रंगलेल्या दिवशीही तो वाचलेलाच असतो.

आज तुमच्यासाठी

दोन मिनिटं शांत बसा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. माझ्या आयुष्यात असा कोणता कोपरा आहे, ज्याच्याकडे मी पाठ करून बसतोय? एखादी साधना, आई-बाबांना करायचा फोन, शिकायला घेतलेलं वाद्य, किंवा खरंच घरातला एखादा जीव.

२. तो मला सोडायचाय तो कशामुळे? मोहाने, त्रास होतो म्हणून, की विचारपूर्वक? विचारपूर्वक सोडायचा असेल तर त्यावर अवलंबून असलेल्यांची सोय आधी लावली का?

३. चालू ठेवायचा असेल तर त्याचं 'साधं पाणी' कोणतं? सगळ्यात छोटं, बिनकौतुकाचं, रोज जमेल असं काम कोणतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा आणि उद्या सकाळी तेवढंच करा. नवीन काही विकत आणू नका.

प्रार्थना

हे माउली, माझा उत्साह रोज उडून जातो हे तुला माहीत आहे. मागे उरलेल्या मिठाचं ओझं तुझ्या पायाशी ठेवतो. माझ्या हौसेमुळे ज्यांना दुखलं, त्यांची क्षमा मागतो. मला मोठा संकल्प देऊ नकोस, उद्या सकाळी उठून एक तांब्याभर पाणी ओतण्याइतका धीर दे. ज्यांना मी घरात आणलं, ज्यांना शब्द दिला, त्यांच्याकडे पाठ फिरवू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी. उद्या श्लोक २९ घेऊ.